पेन्शनचा वाटेकरी

आमच्या घरी रात्री दोनच्या सुमाराला दोघे जण उठतात. एक आमचे अब्बा आणि दुसरा चिकू. दोघांनाही एकच गोळी चालू आहे. फुरोसेमाइड तिचं नाव, अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी. अब्बा आधी उठतात, मागच्या दाराची कडी काढतात, ओसरीतला दिवा लावतात आणि स्वतःचं उरकायच्या आधी चिकूला अंगणात सोडतात. "उसको रुकना नहीं होता, मैं रुक सकता," असं त्यांचं म्हणणं. मग दोघे परत येतात. अब्बा खाटेवर, चिकू ओसरीतल्या पोत्यावर. सकाळी अम्मी विचारतात, रात्री कितीदा दार वाजलं? अब्बा चिकूचं नाव सांगतात.

लिहायच्या आधी एक सांगून टाकतो. आमच्या घरात बोलताना 'मैं' फक्त अब्बांच्या तोंडी, बाकी आम्ही सगळे 'हम'. मराठीत लिहायला बसलं की तेच 'आम्ही' होऊन कागदावर येतं. शाळेत मुलांना आम्ही गणित-विज्ञान उर्दूतून शिकवतो, घरी दखनी बोलतो, आणि साताऱ्यात राहून बाजार, बँक, दवाखाना सगळं मराठीतून करतो. तेव्हा हे 'आम्ही' चालवून घ्यावं. तसंही या हकिगतीत एकट्याने केलेलं काही नाही. एक गोष्ट सोडून. ती पुढे येईलच.

चिकू आमचा नव्हे. शेजारी बँकेतले एक साहेब राहायचे, त्यांचा. २०१६ साली त्यांची बदली विदर्भात झाली. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत दोन महिने सांभाळा म्हणून ते हा पांढरा स्पिट्झ आमच्या दारात ठेवून गेले. पहिल्या महिन्याला पाचशे रुपये आले. दुसऱ्या महिन्यालाही आले. तिसऱ्या महिन्यापासून फोन लागेना. चिकू तेव्हा तीनेक वर्षांचा होता.

कुत्रं घरात ठेवणं आमच्याकडे सोपं नाही, हे वाचकांना सांगायला नको. अम्मींनी त्या दिवशीच हद्द आखली. मागची ओसरी आणि अंगण त्याचं, उंबऱ्याच्या आत तो नाही. त्याचं भांडं वेगळं, घंगाळाशेजारच्या कोनाड्यात. अम्मी ते सात वेळा धुतात, पहिल्यांदा मातीने. आम्ही हनफी, तीनदा धुतलं तरी चालतं, असं अब्बांनी एकदा सुचवून पाहिलं. अम्मी म्हणाल्या, "तुमने धोये क्या कभी?" विषय संपला. राखणीसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, त्या खात्यावर चिकूची नोंद झाली. पण आठ किलोचा हा प्राणी पोस्टमनवर भुंकायचा आणि रात्री गाढ झोपायचा. गल्लीची खरी राखण करायचा तो शेरू. गावठी, तपकिरी, कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. त्याच्याकडेही येऊ.

२०२३ च्या पावसाळ्याअखेर चिकू खोकायला लागला. घशात काहीतरी अडकलंय आणि ते बाहेर काढायचंय असा कोरडा खोकला, बहुतेक रात्री. एका खाजगी डॉक्टरांनी घशाचा संसर्ग म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक दिलं. खोकला हलला नाही, आमचे बाराशे रुपये हलले. मग शाळेतल्या शिपायाने सांगितलं, शिरवळला न्या. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्यावर साठेक किलोमीटरवर आहे. हमरस्त्याने शंभरदा गेलो होतो, पण तिथे उतरायचं काम कधी पडलं नव्हतं. पुण्याला भाजी नेणाऱ्या ओळखीच्या टेम्पोतून पहाटे गेलो, चिकू कोबीच्या पोत्यांवर. ज्यांच्याकडे शिकणारी मुलं आहेत अशा दवाखान्यात एक फायदा असतो. फी परवडते आणि प्रत्येक जण पेशंटला पुन्हा पुन्हा तपासतो. पाच-सहा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने स्टेथोस्कोप लावून एकच आवाज ऐकला. ठोक्यांच्या मध्ये फुस्स असा. एक्स-रे काढला, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होऊन नीट मिटत नाही. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना हे फार होतं. रक्त उलटं येतं, हृदय फुगतं, मग फुप्फुसात पाणी साठतं.

घरी येऊन आम्ही अब्बांना हे सगळं समजावून सांगत होतो. अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, तीस वर्षं. अर्धं ऐकून म्हणाले, "वॉल्व्ह लीक है, हेच ना? फिर इत्ता लंबा कायकू बोले?" मग थोडं थांबून विचारलं, "ग्राइंडिंग नहीं होती?" होत नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या हृदयाबद्दल २०२१ साली डॉक्टर बोलले होते तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

चिकूला तीन औषधं लिहून मिळाली. फुरोसेमाइड अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. एनॅलाप्रिल अर्धी-अर्धी. आणि पिमोबेंडान, सकाळ-संध्याकाळ एकेक, खाण्याच्या तासभर आधी, उपाशीपोटी. पहिली दोन औषधं माणसांचीच आहेत, ती जनऔषधी केंद्रात मिळतात. तिसरं कुत्र्यांसाठीचं, ते पुण्याहून मागवावं लागतं. पहिल्या दोन औषधांचा महिन्याचा खर्च अठ्ठावन्न रुपये. तिसऱ्याची एक गोळी एकोणतीस रुपयांना, म्हणजे महिन्याचे सतराशे चाळीस. सगळा खर्च खरं म्हणजे या एका गोळीत आहे. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले, कारण तोवर आम्ही काटकसर भलत्याच ठिकाणी करत होतो. शिरवळला टेम्पोने जायचं, थर्मामीटर विकत न घेता शेजारून मागायचं, असल्या.

जनऔषधी केंद्रातला पहिला दिवस लक्षात राहिला. काउंटरवरच्या मुलाने बिलासाठी विचारलं, पेशंटचं नाव? आम्ही म्हणालो, चिकू. वय? दहा. त्याने हातातली स्ट्रिप परत मागे घेतली. दहा वर्षांच्या पोराला लॅसिक्सची गोळी कोणी दिली, म्हणून तो चिठ्ठी उलटसुलट बघायला लागला. वरचं पशुवैद्यक हे अक्षर वाचल्यावर तो हसला, रांगेतलेही हसले. आमच्या मागे आमच्याच मोहल्ल्यातले एक चाचा उभे होते, ते मात्र हसले नाहीत. संध्याकाळी मशिदीतून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "दवा कुत्ते की थी?" आम्ही हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं आम्हाला बरेच दिवस टोचलं.

डॉक्टरांनी एक काम फुकटातलं शिकवलं आणि तेच सगळ्यात उपयोगी पडलं. चिकू गाढ झोपला असेल तेव्हा मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीसच्या आत असेल तर ठीक. दोन-तीन दिवस सलग तीसच्या वर राहिलं तर फोन करायचा, चाळीस झालं तर थेट निघायचं. यामुळे उगाच चकरा वाचतात आणि खरी चकर चुकत नाही. आम्ही शाळेतलं जुनं हजेरीपत्रक घेतलं, त्याला रकाने पाडले. तारीख, श्वास, सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, खोकला, भूक, आणि दर रविवारी वजन. वजनासाठी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने काटा द्यायला नकार दिला, त्याचंही बरोबरच होतं, त्यावर तो साखर मोजतो. मग शाळेतला उभं राहायचा काटा रविवारी घरी आणायला लागलो. चिकूला घेऊन उभं राहायचं, मग नुसतं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. श्वास मोजायचं काम धाकट्याकडे दिलं, अब्बांच्या घड्याळावर. नववीला औसत शिकवताना आम्ही हेच आकडे फळ्यावर मांडले. एका मुलीने विचारलं, "सर, ये किसकी सांसें हैं?" आम्ही म्हणालो, घरातल्या एका बुजुर्गाची. खोटं नव्हतं.

आता पथ्याचं. अब्बांची आणि चिकूची सकाळ एकाच खारीवर व्हायची. अब्बा चहात बुडवायचे आणि कडेचा तुकडा चिकूला टाकायचे. मीठ दोघांनाही बंद, म्हणून खारी दोघांची बंद झाली. पण पाण्याचं उलटं आहे. अब्बांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय, आणि चिकूचं पाणी कधीही तोडायचं नाही, या गोळीने त्याला तहान लागते, त्याला हवं तेवढं पिऊ द्यायचं. अब्बा तांब्याकडे बघतात, मग चिकूच्या भांड्याकडे बघतात. "इसका डॉक्टर अच्छा है," म्हणतात.

शेरूचं दुखणं वेगळं. त्याचे मागचे पाय आखडले, सकाळी उठायला त्याला पाच मिनिटं लागायची. गल्लीतल्या एकाने दया येऊन त्याला माणसांची अंगदुखीची गोळी पावात घालून दिली, सलग चार दिवस. पाचव्या दिवशी त्याची विष्ठा डांबरासारखी काळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नसतं. डायक्लोफेनॅकची तर गोष्टच मोठी. ते टोचलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडंच संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे बंदी आली. लहानपणी आम्ही माहुलीच्या बाजूला गिधाडं पाहिल्याचं अब्बा सांगतात, आम्हाला आठवत नाही. शेरू वाचला. त्याला मेलॉक्सिकॅम चालू झालं, जेवणाबरोबर, कमीत कमी मात्रेत, महिन्याला दोनशे दहा रुपये. ते स्वस्त आहे म्हणून चिकूच्या लंगडण्यावर आपणच दिलं तर? एकदा मनात आलं होतं. डॉक्टरांनी हात जोडले. फुरोसेमाइड आणि एनॅलाप्रिल चालू असलेल्या कुत्र्याला ही गोळी दिली तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी भार पडतो. म्हणूनच चिकूचं दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन बघावं लागतं. त्याचे नऊशे. आम्ही ते महिन्याला तीनशे असे धरून वेगळे ठेवतो, नाहीतर तिसऱ्या महिन्याला तपासणी पुढे ढकलली जाते.

सतराशे चाळीस, अठ्ठावन्न, तीनशे, दोनशे दहा. दोन हजार तीनशे आठ. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा आम्ही वहीकडे बघत राहिलो. अब्बांची पेन्शन दोन हजार तीनशे सोळा रुपये आहे. तीस वर्षं एस.टी.चे गिअरबॉक्स उघडले, त्याची ईपीएस ९५ खाली मिळणारी. आठ रुपयांचा फरक. आम्ही २०२२ साली शिक्षण सेवक म्हणून लागलो ते आठ हजारांवर. जानेवारी २०२३ पासून अठरा हजार झाले. मुलांची अम्मी शिलाई करते, त्याचे चार-पाच हजार. त्यात सहा माणसं, अब्बांची औषधं, घराचं भाडं. चिकूची गोळी कुठल्या पैशातून येते असं कोणी विचारलं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. सगळे पैसे एकाच डब्यात पडतात आणि एकाच डब्यातून निघतात.

मोहल्ल्याच्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांना आम्ही विचारलं होतं. ते आमच्याहून लहान, पण नीट ऐकून घेतात. ते म्हणाले, जकातचा पैसा यात येणार नाही, तो माणसांचा हक. नमाजची जागा आणि कपडे सांभाळा. आणि जनावर तुमच्या दाराशी बांधलेलं असेल तर त्याचं खाणंपिणं, दवापाणी तुमच्यावर आहे, ते तुम्ही कोणावर उपकार म्हणून करत नाही. आम्हाला बरं वाटलं. विहिरीत उतरून मोजा भरून तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस तर आमच्या मदरशातल्या पोरांनाही पाठ आहे. पण खरं सांगायचं तर आम्हाला तेव्हा मनात आलं होतं की त्या भल्या माणसाला पाणी एकदा पाजायचं होतं. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ आहे, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेलाही आहे.

जुलै २०२४ मध्ये आपा आल्या. आमच्या थोरल्या बहीण, इस्लामपूरला असतात. भाचीला डी. फार्म.ला प्रवेश मिळत होता, पहिल्या हप्त्याला दहा हजार कमी पडत होते. मुलगी हुशार, आमच्याच हाताखाली अपूर्णांक शिकलेली. त्यात अब्बांच्या तपासण्या त्याच महिन्यात झाल्या होत्या. आम्ही चार हजार दिले आणि उरलेलं बघतो म्हणालो. आपा काही बोलल्या नाहीत. जाताना ओसरीतून गेल्या, चिकूची औषधाची डबी खिडकीत होती, तिच्यावर धाकट्याने पेनने नाव लिहिलं होतं. ती त्यांनी पाहिली.

त्या रात्री आम्ही जे ठरवलं ते एकट्याने. इथे 'आम्ही' म्हणजे फक्त आम्हीच, घरातलं दुसरं कोणी नाही. संध्याकाळची पिमोबेंडान बंद करायची. दिवसाला एकच. महिन्याला आठशे सत्तर वाचतील, सहा महिन्यांत पाच हजारांवर. कुत्राच तर आहे, सकाळची मिळतेय ना, असं स्वतःला सांगितलं. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते माहीत होतं. गोळी आम्हीच द्यायचो, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. हजेरीपत्रकाच्या संध्याकाळच्या रकान्यात आम्ही रोज बरोबरची खूण करत राहिलो. वर्गात गैरहजर पोराची हजेरी लावणाऱ्या मास्तराला आम्ही काय म्हणालो असतो ते इथे लिहीत नाही.

शेजारच्या रकान्यात धाकट्याचे आकडे होते. सव्वीस. सत्तावीस. एकोणतीस. एकतीस. तेहतीस. तो प्रामाणिकपणे मोजत होता. एकतीसला त्याने आम्हाला हाक मारून दाखवलं. आम्ही म्हणालो, बाळा, हवा दमट आहे. छत्तीसला म्हणालो, उद्या परत मोज.

अकराव्या रात्री अब्बांनी उठवलं. चिकू झोपत नव्हता, पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसला होता. हिरड्या निळसर. धाकट्याने मोजायला घेतलं आणि मोजता मोजता रडायला लागला, त्याला आकडा पकडता येईना. अब्बांनी मोजला. बावन्न. त्या वेळेला शिरवळ गाठणं शक्य नव्हतं. गावातल्या एका डॉक्टरांनी दार उघडलं, फुरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. दोन दिवस तिथेच ठेवावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, औषधं नियमित चालू आहेत? आम्ही होय म्हणालो. त्यांनी लिहायला घेतलं. म्हणजे आहे त्या मात्रेवर हृदय सांभाळत नाही, मात्रा वाढवू, आणखी एक औषध जोडू. वहीही त्यांच्या पुढ्यात होती, सगळ्या खुणा जागच्या जागी. तेव्हा अब्बांनी खिशातून पिमोबेंडानच्या स्ट्रिपा काढल्या. निघताना डबी त्यांनीच उचलली होती. त्यांनी टेबलावर गोळ्या मोजल्या, वर्कशॉपमध्ये नटबोल्ट मोजत असतील तशा. अकरा जास्त निघाल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "गोली कम दी?" आम्ही मान खाली घातली. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. नवीन औषध नको, मात्रा आधीचीच, फक्त पूर्ण द्या, असं म्हणाले. आम्ही खोटं रेटलं असतं तर चिकूला नको असलेली औषधं त्याच्या मूत्रपिंडावर पडली असती. हे आम्हाला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं आणि तरी तोंडातून आधी होयच निघालं होतं.

बिल पाच हजार आठशे झालं. अकरा गोळ्यांचे वाचले होते तीनशे एकोणीस. अब्बांनी पासबुक दिलं, अडीच महिन्यांची पेन्शन निघाली. रस्त्यात रिक्षात ते एवढंच बोलले, "डिपो में ऑइल बचा के किसी ने बंगला नहीं बांधा, बेटा."

आपांना कळायचं ते कळलं. फोनवर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, अम्मींशी बोलल्या. "अब्बा की पेन्शन कुत्ता खा रा, और मेरी बच्ची के वास्ते चार हजार?" अम्मींनी फोन ठेवला आणि मागे जाऊन चिकूचं भांडं धुवायला बसल्या, सात वेळा. आपांचं म्हणणं आम्हाला खोडून काढता आलं नाही, आजही येत नाही. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. डिसेंबरमध्ये मुलांच्या अम्मीची भिशी लागली, त्यातून उरलेले सहा हजार इस्लामपूरला पोचवले. दुसऱ्या हप्त्याला ते उपयोगी पडले. आपांनी घेतले, शुक्रिया म्हणाल्या, पण त्या आल्या की अजून पुढच्याच खोलीत बसतात, ओसरीत चहा घेत नाहीत.

भाची मात्र सुट्टीत आली की चिकूची डबी उघडून बघते, तिचा अभ्यासच तो. तिनेच गेल्या वर्षी विचारलं, मामू, सव्वा मिलिग्रॅमच्या गोळ्या का घेता, पाचची घेऊन चार तुकडे का करत नाही? दोन्हींच्या किमतीत चौपट फरक नसतो. आम्ही डॉक्टरांना विचारलं, या वेळी आधी विचारलं. ते म्हणाले, ही चघळायची साधी गोळी आहे, चालेल, कॅप्सूल असती तर नसतं चाललं. तुकडे सारखे पडले पाहिजेत. बाजारातून गोळ्या कापायची छोटी पेटी आणली, नव्वद रुपयांची. महिन्याचे सतराशे चाळीस होते ते साडेअकराशेवर आले. अब्बा शुक्रवारी सकाळी चष्मा लावून आठवड्याच्या गोळ्या कापतात. कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांचा डबा मात्र आम्हाला भरावा लागतो.

मार्च २०२५ च्या रमजानात वेळापत्रकाचा प्रश्न आला नाही, उलट सोपं झालं. पिमोबेंडान उपाशीपोटी द्यायची असते. सहरीला उठलं की आधी चिकूची गोळी, मग आमचं खाणं, सहरी संपता संपता त्याचा भात. संध्याकाळी असरनंतर गोळी, इफ्तारीनंतर जेवण. गोळी त्याच्या जिभेच्या मागे ठेवावी लागते, बोटं ओली होतात, म्हणून वजू त्यानंतरच. अम्मी दारातून ओरडतात, "उसके मुँह में हाथ डाल के आए ना? पहले हाथ धो." इतक्या वर्षांत त्या एकदाही चिकूला शिवलेल्या नाहीत. पण ईदच्या दिवशी शीरखुर्मा ढवळता ढवळता त्यांना आठवलं की आज गडबडीत असरची गोळी राहील, आणि त्यांनी धाकट्याला नमाजहून आल्या आल्या दामटलं.

शेरू गेल्या थंडीत गेला, झोपेतच. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने स्वतःहून खड्डा खणायला माणूस दिला. आम्हाला शिक्षण सेवकाची तीन वर्षं पुरी होऊन नियमित वेतनश्रेणी लागली आहे. त्यामुळे पंचवीस तारखेची भीती थोडी कमी झाली. तरी चिकूचे पैसे आम्ही पगार झाल्या दिवशीच पाकिटात वेगळे घालतो, विजेच्या बिलाशेजारी. पाकिटावर अब्बांनी उर्दूत लिहिलंय, 'सर्व्हिसिंग'.

हजेरीपत्रक आता तिसरं चालू आहे. पहिलं आम्ही टाकलं नाही. त्यातल्या त्या अकरा खुणांभोवती लाल गोल केले आहेत. ते धाकट्याने पाहिले आणि विचारलं. आम्ही सांगितलं काय झालं होतं ते. तो म्हणाला, "मग दमट हवा नव्हती?" आम्ही नाही म्हणालो. त्यानंतर तो आकडा आम्हाला न दाखवता थेट अब्बांना सांगायला लागला.

चिकू आता तेरा-चौदा वर्षांचा असेल. ऐकू कमी येतं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, चाललंय ते छान चाललंय. किती, ते आम्ही विचारत नाही. काल रात्री दोनला कडी वाजली, दोघे बाहेर जाऊन आले. थोड्या वेळाने अंधारातून अब्बांचा आवाज आला, "अठ्ठाईस. लिख लो."

आम्ही उठून लिहिलं.